विरजणातली परकी जनुकं

लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूचा एक वाण पेरू देशातल्या एका आईच्या दुधातून वेगळा करण्यात आला. त्याचा क्रमांक एटीसीसी 55730. स्वीडनच्या बायोगाया कंपनीनं तो थेंबांतून, गोळ्यांतून, दुधाच्या पदार्थांतून अनेक देशांत विकला. तान्ह्या मुलांची पोटदुखी आणि जुलाब यांवर त्याच्या चाचण्या झाल्या. सतत रडणाऱ्या बाळांवर इटलीत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बालरोगतज्ज्ञांत त्यांची बरीच चर्चा झाली. धंदा व्यवस्थित चालला होता. नेमक्या याच सुमारास कंपनीनं हा वाण बाजूला ठेवायचं ठरवलं.

कारण त्याच्या पोटात सापडलं होतं. या जिवाणूत दोन प्लाझ्मिडं होती आणि दोहोंवर एकेक प्रतिरोधक जनुक बसलेलं होतं. टेट-डब्ल्यू नावाचं जनुक टेट्रासायक्लीनला निष्प्रभ करत होतं, तर एलएनयू-ए हे दुसरं जनुक लिंकोमायसिनच्या कुळातल्या औषधांना. टेट्रासायक्लीनच्या कुळातलंच डॉक्सीसायक्लीन आपल्याकडे कोकणात लेप्टोच्या साथीत दिलं जातं आणि लिंकोमायसिनचा भाऊबंद क्लिंडामायसिन दातांच्या, हाडांच्या संसर्गावर वापरतात. म्हणजे ही जनुकं काही दूरच्या, अडगळीतल्या औषधांविरुद्धची नव्हती.

प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं एक लहानसं सुटं कडं. जिवाणूचं मुख्य गुणसूत्र ही बांधलेली वही धरली, तर प्लाझ्मिड हा तिच्यात सरकवून ठेवलेला सुटा कागद. तो पडू शकतो, हरवू शकतो आणि दुसऱ्याच्या वहीतही जाऊ शकतो. जिवाणूंना या देवघेवीसाठी नात्यागोत्याची अट फारशी आड येत नाही. दोन पेशी एकमेकींना चिकटतात, मध्ये जोडणी तयार होते, प्लाझ्मिडाची नक्कल पलीकडे जाते. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, घेणाऱ्याला आयता गुण मिळतो.

शास्त्रज्ञांनी हे दोन्ही कागद काढून टाकले. विकराच्या मदतीनं जिवाणूची पेशीभित्तिका विरघळवली, उघड्या पेशींना पुन्हा भित्तिका उभारू दिली आणि या उलथापालथीत ज्या पेशींनी प्लाझ्मिडं गमावली तेवढ्या निवडून घेतल्या. परकं जनुक घालणं नाही, कापाकापी नाही. जे सुटं होतं ते गळू दिलं. तयार झालेल्या कन्या-वाणाला डीएसएम 17938 हा क्रमांक मिळाला. आम्लात तगणं, पित्तात तगणं, आतड्याच्या श्लेष्मल थराला चिकटणं, रॉयटेरिन हा जंतुरोधक पदार्थ बनवणं हे सगळे गुण शाबूत आहेत का, ते तपासलं गेलं. ते होते. 2008 साली हे काम प्रसिद्ध झालं आणि पुढे बाजारात हाच वाण राहिला.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिवाणू निरुपद्रवी होता, तरीही त्याच्याकडे असलेलं सामान धोक्याचं ठरू शकतं हे मान्य केलं गेलं. अन्नात आणि पशुखाद्यात मुद्दाम घातल्या जाणाऱ्या जिवाणूंबद्दल विचारायचा खरा प्रश्न तोच आहे. तो आजारी पाडतो का, हे तर बघायचंच. शिवाय त्याच्याजवळ काय आहे आणि ते तो कुणाला देऊ शकतो, हेही बघायचं.

हे सामान पोचतं किती ठिकाणी, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. आंबवलेल्या दुधाच्या पदार्थांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्रॅममागे विरजणातले किमान 1 कोटी जिवंत जिवाणू लागतात. शंभर ग्रॅमच्या वाटीत ते 1 अब्ज झाले. इतके पाहुणे रोज आतड्यात उतरतात आणि तिथे आधीच कैक पटींनी मोठी वस्ती आहे. त्या वस्तीत एंटरोकॉकस आहेत, ई. कोलाय आहेत, संधी मिळाली तर रक्तात शिरून जीव घेऊ शकतील असे इतरही आहेत. विरजणातले जिवाणू बहुतेकदा तिथे कायमचे राहत नाहीत, पण जनुक देऊन जाण्यासाठी कायमचं राहावं लागतं असंही नाही. एखाद्या वेळी असं हस्तांतरण होण्याची शक्यता अगदी क्षीण असते. ती क्षीण शक्यता रोज कोट्यवधी माणसांच्या आणि जनावरांच्या पोटात आजमावली जाते, म्हणून तिची दखल घ्यायची. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट प्रतिरोधक जिवाणूंच्या संसर्गामुळे झाले, असा अंदाज 2022 साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. ती सगळी माणसं दह्यामुळे मेली असं कुणीही म्हणत नाही. या प्रतिरोधाचं मोठं ओझं दवाखान्यांतल्या आणि गोठ्यांतल्या औषधांच्या बेसुमार वापरातूनच आलेलं आहे. पण त्या ओझ्यात आपण स्वतः निवडलेल्या, स्वतः वाढवलेल्या जिवाणूंनी भर घालू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मग प्रतिरोधक दिसेल तो प्रत्येक जिवाणू बाद करायचा का? तसं केलं तर विरजणाच्या डब्यात फारच थोडे उरतील.

व्हॅन्कोमायसिनचं उदाहरण घेऊ. इस्पितळात बाकीची औषधं चालेनाशी झाली की शिरेवाटे दिलं जाणारं हे औषध. ते जिवाणूची भित्तिका बांधू देत नाही. भित्तिकेच्या प्रत्येक घटकाला अमिनो आम्लांची एक शेपटी असते आणि बहुतेक जिवाणूंत त्या शेपटीच्या टोकाला डी-अलॅनिनचे दोन रेणू असतात. व्हॅन्कोमायसिन नेमकं तिथे घट्ट चिकटतं आणि बांधकाम थांबतं. पण दही, लोणची, इडलीचं पीठ यांत सापडणाऱ्या लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमसारख्या कित्येक प्रजातींच्या, तसंच ल्युकोनोस्टॉक आणि पेडिओकॉकस यांच्या शेपटीच्या अगदी टोकाला अलॅनिनऐवजी लॅक्टेट असतो. एवढ्याशा फरकानं औषधाची पकड हजारपटीनं ढिली होते. हे जिवाणू व्हॅन्कोमायसिनला पिढ्यान् पिढ्या दाद देत नाहीत, कारण त्यांची बांधणीच तशी आहे. ती कुणाला उचलून देता येत नाही.

आता एंटरोकॉकस बघा. त्याची मूळ शेपटी दोन अलॅनिनचीच, म्हणून व्हॅन्कोमायसिन त्याच्यावर चालतं. पण व्हॅन-ए नावाचा जनुकसमूह त्याला कुठून तरी मिळाला की चित्र पालटतं. त्यातलं एक जनुक पायरुव्हेटपासून लॅक्टेट बनवतं, दुसरं तो लॅक्टेट अलॅनिनला जोडतं, तिसरं पेशीत आधीच तयार असलेल्या अलॅनिनच्या जोड्या मोडून टाकतं. परिणाम तोच: टोकाला लॅक्टेट, औषध निकामी. लॅक्टोबॅसिलसनं जे जन्मतः मिळवलं तेच यानं बाहेरून घेतलं आणि ते ज्या फिरत्या डीएनएच्या तुकड्यावर आलं, त्यावरूनच पुढे जाऊ शकतं. अशा एंटरोकॉकसची नोंद 1988 साली वैद्यकीय नियतकालिकांत झाली. 2002 मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एका रुग्णाच्या शरीरातून व्हॅन्कोमायसिनला पूर्ण दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला आणि त्याच्यात व्हॅन-ए होतं. ते एंटरोकॉकसकडून आलेलं होतं. एका प्रजातीकडून दुसरीकडे, आणि दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी घातक.

प्रयोगशाळेतल्या बशीत लॅक्टोबॅसिलस आणि हा एंटरोकॉकस सारखेच दिसतात. दोघेही व्हॅन्कोमायसिनमध्ये मजेत वाढतात. एक आपल्या ताटात असायला हरकत नाही, दुसरा अजिबात नको. हा भेद केल्याशिवाय या विषयात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. पहिल्याला अंगभूत प्रतिरोध म्हणतात, दुसऱ्याला संपादित.

अंगभूत प्रतिरोधाची आणखी उदाहरणं पुष्कळ आहेत. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन यांसारखी औषधं पेशीत शिरण्यासाठी श्वसनसाखळीतल्या विद्युतप्रवाहाचा आधार घेतात. किण्वनावर जगणाऱ्या लॅक्टोबॅसिलसकडे ती साखळीच नीट नसल्यामुळे औषध दाराबाहेरच राहतं. आणि प्रतिरोधाची जनुकं माणसानं निर्माण केली असंही नाही. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात 30 हजार वर्षं गोठून राहिलेल्या मातीतल्या डीएनएमध्ये टेट्रासायक्लीन, पेनिसिलिन आणि व्हॅन्कोमायसिनच्या विरोधातली जनुकं 2011 साली दाखवून देण्यात आली. मातीतले जिवाणू एकमेकांविरुद्ध प्रतिजैविकं बनवत आले आहेत, त्यांवरचा तोडही तितकाच जुना. माणसानं औषधांच्या माऱ्यानं त्या जनुकांना पसरायला मोकळं रान दिलं.

ती अन्नात कशी येऊन बसतात याचा मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा 1997 साली नेचर नियतकालिकात आला. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधून लॅक्टोकॉकस लॅक्टिसचा एक वाण वेगळा केला. लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणजे चीज, ताक, लोणी यांचा घरचा कारागीर. त्याच्यात सुमारे 30 हजार अक्षरांचं एक प्लाझ्मिड मिळालं. पीके-214 असं त्याचं नाव. ते वाचत गेल्यावर लक्षात आलं की हे जागोजागच्या तुकड्यांचं बनलेलं आहे. टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन यांना रोखणारी जनुकं एकाच कड्यावर, आणि त्यांचे जवळचे आप्त लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस, एंटरोकॉकस यांसारख्या जिवाणूंत आढळणारे. काही लिस्टेरिया आणि स्टॅफिलोकॉकस हे रोग पसरवणारे. गोठ्यात, दुधाच्या बादलीत, चीजच्या थरांत हे सगळे कधी ना कधी एकत्र आले आणि त्यांची चीजवस्तू एका निरुपद्रवी कारागिराच्या हाती लागली. त्या काळापर्यंत विरजणाचे जिवाणू या व्यवहारात नसतातच, असं गृहीत धरण्याची सवय होती. ती या एका प्लाझ्मिडानं मोडली.

पण सगळीच प्रकरणं इतकी स्वच्छ नसतात. बायफिडोबॅक्टेरियम ॲनिमॅलिस लॅक्टिस हा प्रोबायोटिक दह्यांतला जगप्रसिद्ध जिवाणू. या उपप्रजातीच्या तपासलेल्या वाणांत टेट-डब्ल्यू जनुक सर्रास सापडतं. ते प्लाझ्मिडावर नाही, मुख्य गुणसूत्रात आहे, आणि ते दुसऱ्याकडे गेल्याचं प्रयोगांत दिसलेलं नाही. इथपर्यंत ते अंगभूत वाटतं. मात्र त्याला अगदी लागून उड्या मारणाऱ्या डीएनएचं, म्हणजे ट्रान्सपोझेजचं, जनुक बसलेलं आहे आणि दोन्ही एकत्र वाचली जातात. म्हणजे हे जनुक फार पूर्वी बाहेरूनच आलं असावं आणि मग सगळ्या वंशात स्थिरावलं असावं. अशा वेळी त्याला मुक्कामाला आलेला म्हणायचं की घरचाच? मला यात सावध भूमिका योग्य वाटते. जुने वाण ज्यांच्यामागे दीर्घ वापराचा अनुभव आहे ते चालू द्यावेत, पण नवा वाण निवडताना असं जनुक नसलेला मिळत असेल तर तोच घ्यावा.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते? पहिली पायरी बशीतली. जिवाणूला औषधाच्या दुप्पट-दुप्पट वाढत जाणाऱ्या मात्रांत ठेवायचं आणि किती मात्रेला वाढ थांबते ते बघायचं. या आकड्याला किमान रोधक मात्रा म्हणतात. दुधाच्या जिवाणूंना रोगजंतूंसाठी ठरवलेलं माध्यम मानवत नाही, त्यासाठी 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं स्वतंत्र पद्धत प्रसिद्ध केली. आलेला आकडा त्या त्या प्रजातीच्या सीमारेषेशी ताडून पाहायचा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफसानं, या रेषा आखून दिल्या आहेत. टेट्रासायक्लीनसाठी दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसची रेषा लिटरमागे 4 मिलिग्रॅमवर आहे, लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमची 32 वर. एकाच औषधाला आठपट फरक, कारण मूळ स्वभावच वेगळे. रेषेच्या खाली राहिला तर काळजी नाही. वर गेला तर विचारायचं: का?

या 'का'चं उत्तर आता संपूर्ण जनुकसंच वाचून मिळवतात. 2018 पासून पशुखाद्यात घालायच्या जिवाणूंसाठी एफसा हे वाचन मागते, आणि अन्नसाखळीत मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या इतर सूक्ष्मजीवांसाठी त्याच्या अटी 2021 मध्ये एका निवेदनात मांडल्या गेल्या. जिवाणूचा क्रम डेन्मार्कच्या रेसफाइंडर किंवा कॅनडाच्या कार्डसारख्या संग्रहांशी जुळवायचा. ओळखीच्या प्रतिरोधक जनुकाशी किमान 80 टक्के साम्य आणि त्याच्या लांबीचा किमान 70 टक्के भाग जुळला, तर तो तुकडा कळवायचा आणि त्याचा खुलासा करायचा. मग आजूबाजूचं डीएनए बघायचं. जनुक प्लाझ्मिडावर आहे का, शेजारी उड्या मारणारे तुकडे आहेत का, त्या प्रजातीच्या सगळ्या वाणांत ते त्याच जागी आहे का. सगळ्यांत त्याच जागी असेल तर बहुधा अंगभूत. एखाद्याच वाणात असेल तर बाहेरून आलेलं. संगणकानं दाखवलेलं साम्य म्हणजे निकाल नव्हे, आणि बशीतला आकडाही एकटा पुरेसा नाही. काही जनुकं निपचित पडून असतात, बशीत दिसतच नाहीत. दोन्ही एकत्र वाचूनच ठरवावं लागतं.

पशुखाद्याची बाजू माणसाच्या ताटापेक्षा मला अधिक काळजीची वाटते. तिथे लोकांचं लक्ष कमी आणि मात्रा जास्त. पश्चिम महाराष्ट्रात, खानदेशात दूधधंदा करणारे शेतकरी मक्याचा मुरघास करतात. दाणे चिकात आले की मका कुट्टी करून खड्ड्यात किंवा बॅगेत थरावर थर दाबतात, ट्रॅक्टर फिरवून हवा काढतात, मध्ये मध्ये पाण्यात कालवलेलं कल्चर शिंपडतात, वरून कागद आणि माती. साधारण दीड महिन्यानं उघडलं की आंबूस गोड वास येतो आणि गाय तुटून पडते. त्या कल्चरमध्ये बहुधा लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम, कधी पेडिओकॉकस, कधी एंटरोकॉकस असतो. युरोपात मंजूर झालेल्या अशा कल्चरची मात्रा किलोभर चाऱ्याला 10 कोटी पेशींच्या आसपास असते. टनाला 100 अब्ज. मग खड्ड्यात त्यांची वाढ होते ती वेगळीच. एवढी सगळी पलटण गाईच्या पोटात, तिथून शेणात, शेणातून शेतात जाते. यात संपादित जनुक घेऊन आलेला एखादा वाण असेल, तर त्याला पसरवण्याची याहून मोठी सोय कुणी करून दिली नसती.

एंटरोकॉकस फेशियमबद्दल तर दुप्पट सावधपणा हवा. याचे काही वाण वर्षानुवर्षं वासरांना, डुकरांना, कोंबड्यांना प्रोबायोटिक म्हणून दिले गेले, आणि याच प्रजातीचे दुसरे वाण इस्पितळांतल्या अतिदक्षता विभागात रक्तात संसर्ग घडवतात. प्रोबायोटिक म्हणून विकला जाणारा एक वाण व्हॅन-ए समूह स्वीकारू शकतो, हे 2001 मध्ये प्रयोगशाळेत दाखवून देण्यात आलं. म्हणून एफसानं या संपूर्ण प्रजातीला सरसकट विश्वासाच्या यादीत घेतलेलं नाही. प्रत्येक वाण वेगळा तपासायचा.

युरोपला हा धडा आधी एकदा मिळालेला होता. व्हॅन्कोमायसिनचा सख्खा भाऊ म्हणावा असं ॲव्होपार्सिन तिथे कोंबड्या-डुकरांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून दिलं जाई. डेन्मार्कनं 1995 मध्ये ते बंद केलं, युरोपीय संघानं 1997 मध्ये. डेन्मार्कच्या मांसल कोंबड्यांतून वेगळ्या केलेल्या एंटरोकॉकस फेशियमपैकी 1995 साली 70 टक्क्यांहून अधिक या कुळातल्या औषधांना दाद देत नव्हते. 2000 साली हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आत आलं. औषधाचा मारा थांबला आणि प्रतिरोध मागे हटला. वजन वाढवण्यासाठीची सगळीच प्रतिजैविकं युरोपनं 1 जानेवारी 2006 पासून बंद केली, आणि त्यांची जागा घ्यायला प्रोबायोटिकं पुढे आली. औषध काढून त्याजागी जे आणलं त्यातच प्रतिरोधाची जनुकं असणं याला काय म्हणावं? पण तसं घडलं. बॅसिलस टोयोनेन्सिस हा जपानी मातीतला जिवाणू खाद्यपूरक म्हणून युरोपात मंजूर होता. तपासात त्याच्यात टेट्रासायक्लीन आणि क्लोरॅम्फेनिकॉलविरोधी प्रतिरोध निघाला, विष तयार करण्याच्या क्षमतेचीही शंका होती. 2013 मध्ये त्याच्या परवानग्या स्थगित झाल्या आणि 2015 मध्ये त्याला कायमचा नकार मिळाला.

आणखी एक दार आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. पुष्कळ जिवाणू अन्नात उतरतच नाहीत, ते फक्त कारखान्यात कामाला असतात. जीवनसत्त्व ब-2, पाव मऊ ठेवणारी विकरं, प्रथिनं तोडणारी विकरं यांचं उत्पादन टाक्यांतल्या बॅसिलसकडून करून घेतात. त्यांची जनुकं बदलताना बदल झालेल्या पेशी वेचून काढण्यासाठी प्रतिजैविकरोधी जनुक खुणेसारखं वापरलं जाई. काम झालं की ते काढून टाकायला हवं आणि तयार मालात जिवाणू किंवा त्याचं डीएनए उरायला नको. 2014 मध्ये जर्मनीत चीनहून आलेल्या पशुखाद्याच्या ब-2 जीवनसत्त्वात जनुकबदल केलेला बॅसिलस सबटिलिस चक्क जिवंत सापडला. बॅसिलसचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही बराच वेळ पुरून उरतात, त्यामुळे ते भुकटीत टिकले यात नवल नाही. त्याच्यात क्लोरॅम्फेनिकॉलसह अनेक प्रतिजैविकांविरुद्धची जनुकं होती. पुढे काही वर्षांनी बेल्जियममधल्या सरकारी प्रयोगशाळेनं खाद्यविकराच्या मालात जनुकबदल केलेला बॅसिलस आणि त्याच्यात पीयूबी-110 या प्लाझ्मिडापासून बनवलेलं कडं शोधून काढलं. हे प्लाझ्मिड मुळात स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधलं आणि त्यावर कॅनामायसिनचा प्रतिरोध. पावाच्या किंवा बिस्किटाच्या पाकिटावर हे कधीच दिसणार नाही. विकर भाजणीत निष्क्रिय होतं, बीजाणूचं काय होतं ते भट्टीच्या तापमानावर ठरतं.

आपल्याकडची परिस्थिती काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वाणापर्यंत ओळख पटवा, तो मान्यताप्राप्त संग्रहात जमा करा, त्याचा प्रतिजैविकांना प्रतिसाद तपासा, पाकिटावर प्रजातीबरोबर वाणाचं नावही लिहा, असं त्यांत स्पष्ट म्हटलेलं आहे. वाण जमा करण्यासाठी परदेशी जायचीही गरज नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह 2011 पासून आंतरराष्ट्रीय मान्यतेचा आहे. 2019 मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर केंद्रानं बंदी घातली, तीही योग्यच. चीनमधल्या डुकरांतून एमसीआर-1 हे प्लाझ्मिडावरचं जनुक 2015 साली समोर आलं, तेव्हापासून या शेवटच्या फळीतल्या औषधाची चिंता जगभर वाढलेली होती.

पण व्यवहारात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे आपल्याकडे प्रतिरोध हा गुण म्हणून खपतो. औषधाच्या दुकानात छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत मिळणारं बॅसिलस क्लॉसी प्रतिजैविकाच्या गोळीबरोबरच दिलं जातं, आणि ते औषधात टिकतं म्हणूनच त्याची शिफारस होते. त्याचे वाण तसे मुद्दाम निवडलेले आहेत, त्यांचा प्रतिरोध गुणसूत्रात आहे, आणि ते औषध म्हणून तपासलेलं आहे. त्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हीच कल्पना अन्नाच्या आणि खाद्याच्या बाजारात तपासाविना नेण्याला. गोठ्यात याचा मोह कसा होऊ शकतो ते सांगतो. गाईला दगडी झाली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. त्यानंतर ठरलेले दिवस दूध संकलनात घालायचं नसतं. कुणी घातलं तर त्या दुधाचं दही लागत नाही, कारण औषधाचा अंश विरजणाला मारतो. डेअरीला हे नुकसान परवडत नाही. अशा दुधातही बिनतक्रार लागणारं कल्चर कुणी आणून दिलं तर ते किती सोयीचं वाटेल! आणि ते सोयीचं असण्यामागचं कारण संपादित जनुक असेल, तर डेअरीच्या टाकीतून ते रोज हजारो घरांत पोचेल. विरजण न लागणं ही इथे खरं तर उपयोगी सूचना असते. ती ऐकून दूध कुणाचं आलं ते शोधायला हवं.

दुसरी गोष्ट पाकिटाची. मुरघास कल्चरच्या, कोंबड्यांच्या प्रोबायोटिकच्या पाकिटावर अनेकदा लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस असं नुसतं नाव असतं, पुढे कोट्यवधींचा आकडा. वाणाचा क्रमांक नसतो. प्रजातीच्या नावावरून या प्रकरणातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. त्यात 2020 मध्ये जुन्या लॅक्टोबॅसिलस कुळाची 25 कुळांत विभागणी झाली, त्यामुळे एकाच जिवाणूची जुनी आणि नवी नावं बाजारात सोबत फिरतात. क्रमांक असला तर नाव कोणतंही चालेल.

घरच्या विरजणाचं काय, हा प्रश्न मला व्याख्यानांत हमखास विचारला जातो. घरच्या दह्यात अनेक वाण एकत्र नांदतात, त्यात काही प्रतिरोधक असणारच. पण तिथे कुणी एक वाण निवडून, टाकीत अब्जावधी करून, शेकडो गावांत वाटलेला नसतो. दूध उकळून घ्यावं, विरजण स्वच्छ भांड्यात ठेवावं, दही पोटभर खावं. जबाबदारी ज्यांनी वाण निवडला आणि वाढवला त्यांची आहे.

म्हणून सहकारी दूध संघ, खाद्य कारखाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्या जेव्हा एकगठ्ठा कल्चर खरेदी करतात, तेव्हा दराबरोबर तीन कागद मागावेत: वाणाचा संग्रहातला क्रमांक, किमान रोधक मात्रांचा तक्ता, आणि जनुकवाचनाचा अहवाल, त्यात सापडलेल्या प्रत्येक प्रतिरोधक जनुकाच्या जागेसह. एका जिवाणूचा जनुकसंच वाचायला आता काही हजार रुपये पुरतात, आणि तो एकदाच वाचायचा असतो. हे कागद देता येत नाहीत असं सांगणाऱ्या पुरवठादाराचा माल घेऊ नये.